व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: नवख्यांनी गटाबरोबर कसे चालावे, काय पाहावे

उंच हिमालयात पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्यांसाठी उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स हे राष्ट्रीय उद्यान मला सर्वांत योग्य वाटते, आणि त्यामागची कारणे अगदी व्यवहारी आहेत. उद्यानात रात्री मुक्काम करण्यास परवानगी नसल्यामुळे तंबू, शिधा आणि भांडीकुंडी वाहून न्यावी लागत नाहीत; घांगरिया या तळाच्या वस्तीतून रोज सकाळी निघायचे आणि सायंकाळच्या आत परतायचे एवढेच असते. वाट आखलेली आहे आणि चढ सोसण्याजोगा आहे. शिवाय सुमारे ८७ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात घनदाट जंगल, झाडांची वरची सीमा, उघडी कुरणे आणि हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांचे ढीग हे सगळे एका दिवसाच्या चालण्यात पाहायला मिळते. तरीही हा परिसर समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरच्या वर आहे आणि भर पावसाळ्यात तेथे जावे लागते, त्यामुळे याकडे सहल म्हणून पाहणे धोक्याचे ठरते. पुढील सूचनांचा मोठा भाग एकाच गोष्टीशी येऊन मिळतो: हळू चालणे. शरीराला उंचीची सवय हळू चालल्याने होते, आणि डोळ्यांना फुले दिसू लागतात तीही हळू चालल्यानेच.

कधी जावे

उद्यान साधारणपणे १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. जूनमध्ये ओढ्यांवर बर्फाचे पूल टिकून असतात आणि फुले थोडी असतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत फुलांची संख्या आणि विविधता सर्वाधिक असते, पण पाऊसही तेव्हाच सर्वाधिक असतो. सप्टेंबरमध्ये आकाश मोकळे होते, फुलांची जागा बिया आणि शेंगा घेतात आणि पाने पिवळी व तांबूस होऊ लागतात. रंगांचा गालिचा पाहायचा असेल तर जुलैअखेर जावे. वनस्पती ओळखायला शिकायचे असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध मला अधिक सोयीचा वाटतो, कारण एकाच झुडपावर कळी, फूल आणि फळ अशा तिन्ही अवस्था एकत्र पाहता येतात.

महिना कोणताही निवडला तरी परतीच्या तिकिटापूर्वी किमान एक, शक्य असल्यास दोन दिवस मोकळे ठेवावेत. पावसाळ्यात बद्रीनाथ महामार्गावर दरडी कोसळतात आणि रस्ता काही तास किंवा संपूर्ण दिवस बंद राहू शकतो. मुंबईच्या विमानाची वेळ गाठण्यासाठी चालकाला रात्री डोंगरात गाडी हाकायला लावणे हा या संपूर्ण प्रवासातील सर्वांत मोठा धोका असतो, आणि तो टाळणे पूर्णपणे आपल्या हातात असते.

गट आणि मार्गदर्शक निवडताना

आयोजकाला विचारायचे प्रश्न छायाचित्रांवरून सुचत नाहीत, म्हणून ते आधीच लिहून ठेवावेत. लीडरने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या मान्यताप्राप्त संस्थेतून मूलभूत अभ्यासक्रम केला आहे का? प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे का आणि ते किती जुने आहे? चालताना पुढे एक आणि सर्वांत मागे एक असे दोन अनुभवी लोक असतील का? कोणी आजारी पडले तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरेल आणि उरलेल्या गटाचे काय होईल? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना जो आयोजक अडखळतो, त्याचा कार्यक्रम कितीही स्वस्त असला तरी त्याच्याबरोबर जाऊ नये.

निसर्ग शिकणे हा हेतू असेल तर गट लहान असावा. अरुंद पायवाटेवर तीस माणसे एका रांगेत चालू लागली की पुढच्याने दाखवलेले फूल मागच्यापर्यंत केवळ निरोप म्हणून पोहोचते. दहा ते बारा जणांच्या गटात सगळ्यांना एका झुडपाभोवती उभे राहता येते. गटात वनस्पतींचा जाणकार असो वा नसो, भ्यूंदर किंवा पुलना गावचा स्थानिक वाटाड्या मात्र अवश्य घ्यावा. याच गावांतले लोक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात या कुरणांवर गुरे-मेंढ्या नेत आले आहेत. फ्रँक स्माईथ, आर. एल. होल्ड्सवर्थ हे ब्रिटिश गिर्यारोहक आणि त्यांचे सहकारी १९३१ मध्ये कामेट शिखर चढून परतताना या खोऱ्यात उतरले आणि त्यामुळे ते जगाला माहीत झाले. गावकऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होतेच. गढवालात मोठ्या भावाला भैजी म्हणतात. वयाने मोठ्या वाटाड्याला तशी हाक मारली आणि घाई केली नाही, तर तो कुठले मूळ पोटदुखीवर चालते आणि कुठल्या पानाला हात लावायचा नाही हे आपणहून सांगू लागतो.

घरची तयारी

निघण्यापूर्वी दोन-तीन महिने तयारी सुरू करावी. आठवड्यातून चार-पाच दिवस तासभर भरभर चालणे आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर सहा-सात किलोची पिशवी घेऊन सह्याद्रीतला एखादा चढ चढणे एवढे बहुतेकांना पुरते. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि घांगरिया त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे, त्यामुळे सह्याद्रीतल्या सरावाने पाय तयार होतात, पण विरळ हवेची सवय होत नाही, हे लक्षात ठेवावे. चढण्याइतकाच उतरण्याचा सराव करावा, कारण गुडघे बोलू लागतात ते परतीच्या वाटेवर. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा दमा असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.

सामानाची यादी आयोजक देतोच. तिच्यात सहसा राहून जाणाऱ्या गोष्टी तेवढ्या येथे सांगतो. सुती कपडे भिजले की अंगावरच गार पडतात आणि वाळत नाहीत, म्हणून चालताना ते घालू नयेत. पाठपिशवीच्या बाहेरून घातलेले आवरण जोराच्या पावसात पुरत नाही. आतले सामान जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मगच पाठपिशवीत भरावे. नवे बूट किमान महिनाभर वापरलेले असावेत. अभ्यासासाठी दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग, पक्ष्यांसाठी साधी दुर्बीण, एक वही आणि दोन शिसपेन्सिली घ्याव्यात. ओल्या हवेत पेनाची शाई पसरते, शिसपेन्सिल मात्र दमट कागदावरही चालते. रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण डोंगरात यंत्रावर किंवा मोबाइलच्या जाळ्यावर विसंबून राहता येत नाही.

हरिद्वार ते घांगरिया

हरिद्वारहून जोशीमठपर्यंतचा पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता पार करायला जवळजवळ संपूर्ण दिवस लागतो. हा दिवस झोपून घालवू नये. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येताना दोन प्रवाहांचे रंग कितीतरी वेळा वेगवेगळे दिसतात. पुढे रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग आणि नंदप्रयाग येथे हीच कथा नव्या नद्यांसह पुन्हा घडते, आणि गंगा म्हणजे किती खोऱ्यांची बेरीज आहे हे गाडीच्या खिडकीतून समजते. जोशीमठ सुमारे १,९०० मीटरवर आहे. येथे एक रात्र काढल्याने उंचीशी पहिली ओळख होते.

दुसऱ्या दिवशी गोविंदघाटला पोहोचून तेथून स्थानिक जीपने पुलन्यापर्यंत जाता येते. पुढची नऊ-दहा किलोमीटरची वाट पायी, खच्चरावर किंवा कंडीत बसून पार करायची असते. कंडी म्हणजे माणसाने पाठीवर वाहून नेण्याची वेताची टोपली; धडधाकट माणसाने तिच्यात बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाट लक्ष्मणगंगेच्या काठाने जाते. २०१३ च्या जूनमधील महापुरात गोविंदघाट आणि भ्यूंदर या दोन्ही ठिकाणी मोठी हानी झाली आणि जुनी वाट जागोजागी वाहून गेली. नदीपात्रात पडलेले घरांएवढे धोंडे पाहिले की पाण्याच्या ताकदीबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही.

या वाटेवर दोन नियम पाळावेत. खच्चरांचा तांडा समोरून आला की नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहावे. दरीच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला पाठीवरच्या सामानाचा साधा धक्काही पुरेसा असतो. दुसरा नियम वेगाचा: शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवावा, आणि मागचा माणूस येऊन पोहोचल्याबरोबर पुढच्यांनी उठून चालू लागण्याची वाईट सवय टाळावी, कारण त्यामुळे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज असते त्यालाच ती मिळत नाही. वाटेच्या कडेला बिच्छू घास दिसेल. तिच्या केसाळ पानांचा स्पर्श झाला की हात बराच वेळ चुरचुरत राहतो, म्हणून तोल सांभाळण्यासाठी झुडपे पकडू नयेत.

उंचीचा त्रास ओळखणे

घांगरिया सुमारे ३,०५० मीटरवर आहे आणि तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असतो. घांगरियाच्या वर सरोवराकाठी असलेल्या हेमकुंड गुरुद्वारापाशी तो ६० टक्क्यांच्या आसपास येतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच असले तरी दाब कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो, आणि शरीराला या बदलाशी जुळवून घ्यायला दिवस लागतात. पोहोचल्यावर लगेच झोपू नये. थोडे हिंडावे, पाणी आणि गरम सूप घ्यावे, मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्णपणे टाळाव्यात.

डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक न लागणे, चक्कर किंवा अवाजवी थकवा ही पर्वतीय आजाराची सुरुवात समजावी. अशा वेळी आणखी वर जायचे नाही. विश्रांतीने बरे वाटले तर ठीक, नाही वाटले तर खाली उतरायचे. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, ओठ निळसर होणे, सरळ रेषेत चालता न येणे किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट न पाहता लीडरने रुग्णाला सोबतीसह खाली न्यावे. प्राणवायू आणि औषधे उपयोगी पडतात, पण ती उतरण्याला पर्याय ठरत नाहीत. ॲसिटाझोलामाइड हे औषध अनेक जण आधीपासून घेतात. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी. गटात आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल या संकोचाने लोक डोकेदुखी लपवतात, म्हणून लीडरने रोज रात्री जेवताना प्रत्येकाला नावाने विचारणे हा उत्तम रिवाज आहे.

दरीत शिकायचे कसे

बहुतेक गट एक दिवस दरीला आणि एक दिवस हेमकुंडला देतात. माझा सल्ला दरीला दोन दिवस देण्याचा आहे, आणि तेही हेमकुंडच्या आधी, कारण दरीतली वाट साडेतीन हजार मीटरच्या आसपासच राहते आणि दिवसा थोडे वर जाऊन रात्री खाली झोपल्याने पुढच्या मोठ्या चढाची तयारी आपोआप होते. सकाळी वनविभागाच्या चौकीवर नोंद करून आणि शुल्क भरून आत जाता येते. दुपारनंतर प्रवेश देत नाहीत, म्हणून चौकी उघडताच पोहोचावे. आत दुकान नाही. जेवण आणि पाणी बरोबर घ्यावे आणि प्रत्येक कागद परत आणावा.

पहिल्या दिवशी प्रत्येक फुलाचे नाव विचारत सुटण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण दहाव्या नावानंतर पहिली नऊ पुसली जातात. त्याऐवजी आधी दरी वाचावी. पुष्पावती नदीचे पाणी राखाडी का दिसते? वर टिप्रा हिमनदी खडक घासून पीठ करते आणि ते पीठ पाण्यात मिसळलेले असते. दरीचा तळ रुंद आणि कडा उभ्या का आहेत? कारण नदीने कोरलेली दरी वर इंग्रजी ‘व्ही’सारखी असते आणि हिमनदीने कोरलेली ‘यू’सारखी. मग झाडांकडे पाहावे. सुरुवातीला उंच, गर्द रागा म्हणजे हिमालयी फर दिसतात, नंतर पांढऱ्या सालीचे भूर्ज येतात, ज्यांच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहिल्या जात. त्यांच्याबरोबर ऱ्होडोडेंड्रॉनची वाकलेली झुडपे असतात, आणि मग झाडे संपतातच. हिवाळ्यात सरकणाऱ्या बर्फाच्या भाराने त्यांची खोडे उताराच्या दिशेने कशी लवली आहेत हे पाहिले की पुढची कुरणे एवढी उघडी का, याचे निम्मे उत्तर मिळते.

यानंतर फुलांकडे वळावे आणि ओळखीच्या कुळांपासून सुरुवात करावी. कासच्या पठारावर तेरडा पाहिलेल्या माणसाला येथील माणूसभर उंच गुलाबी तेरडा लगेच सापडतो: तीच मागे वळलेली शेपटी, आणि हात लागताच फुटून बिया उडवणारी तीच शेंग. सह्याद्रीत पहिल्या पावसानंतर उगवणारा सापकांदा ठाऊक असेल तर जंगलाच्या सावलीतली हिरव्या फण्याची वनस्पती त्याचीच बहीण आहे हे सांगावे लागत नाही. या कुळाची गंमत अशी की लहान, कमी साठा असलेले रोप नरफुले धरते आणि पुरेसे पोसले की पुढच्या एखाद्या वर्षी तेच मादीफुले धरू लागते. अशा दोन-तीन ओळखी पक्क्या झाल्या की अनोळखी फुलांकडे पाहण्याचा धीर येतो.

मग एक तास ठरवून बसावे. वाटेच्या कडेचा, गवत न तुडवता बसता येईल असा दगड निवडावा आणि समोरच्या एक मीटर लांबी-रुंदीच्या तुकड्यात काय काय आहे ते वहीत उतरवावे: पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, पाकळ्या किती, देठावर केस आहेत का, कोणता कीटक कुठल्या फुलावर किती वेळ बसतो. लाल पोटेंटिलाची पाने स्ट्रॉबेरीसारखी तिहेरी असतात आणि खालून रुपेरी लवेने मढलेली असतात. जांभळट जिरेनियमच्या पाकळ्यांवर मधाकडे नेणाऱ्या रेषा भिंगातून स्पष्ट दिसतात. पेडिक्युलॅरिस गवताच्या मुळांना मुळे जोडून अन्न चोरते. काटेरी देठाची निळी पॉपी वर्षानुवर्षे वाढते, एकदा फुलते, बी धरते आणि मरते. म्हणून तिचे एक फूल तोडणे म्हणजे एका रोपाची संपूर्ण हयात तोडणे होय. वत्सनाभाच्या जातीही येथे आहेत. त्यांची निळी-जांभळी फुले सुंदर दिसतात, पण वनस्पती जहाल विषारी असते, त्यामुळे कोणतेही पान चाखून पाहू नये आणि मुलांनाही चाखू देऊ नये.

दरीत पुष्कळ ठिकाणी एक उंच, दाट माजलेली वनस्पती इतर फुलांना झाकून टाकताना दिसेल. तिला येथे अमेला म्हणतात; ती पॉलिगोनमच्या जातीची असून मूळची हिमालयातीलच आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई थांबली आणि त्यामुळे तिला मोकळे रान मिळाले, असे गावकरी आणि काही अभ्यासक सांगतात. जुन्या मेंढपाळ तळांच्या आणि घसरलेल्या जमिनीच्या जागीच ती मुख्यतः माजते, असा दुसरा पक्ष आहे. वनविभाग ती उपटण्याची कामे करतो. २००५ पासून जागतिक वारशात नंदादेवीबरोबर गणल्या जाणाऱ्या या उद्यानात माणसाला पूर्णपणे बाहेर ठेवावे की नाही, हा वाद या एका झुडपापाशी उभे राहून जितका नीट समजतो तितका वाचून समजत नाही. गटाने येथे दहा मिनिटे थांबून वाटाड्याचे मत अवश्य विचारावे.

पुढे गेल्यावर जोन मार्गारेट लेग यांची समाधी लागते. वनस्पती गोळा करण्यासाठी आलेल्या या बाई १९३९ मध्ये येथील उतारावरून घसरून मरण पावल्या. ओले गवत आणि ओला खडक आजही तितकेच निसरडे आहेत, तेव्हा छायाचित्रासाठी वाट सोडून उतारावर जाऊ नये.

हेमकुंड

घांगरियाहून हेमकुंड सहा किलोमीटरवर आणि सुमारे १,२०० मीटर वर आहे. पहाटे निघावे आणि दुपारी लवकर उतरू लागावे; वर यात्रेकरूंना रात्री मुक्काम करता येत नाही. गुरुद्वाराच्या लंगरात मिळणारी गरम खिचडी आणि चहा घेताना डोके झाकलेले असावे. सरोवराच्या अलीकडच्या उतारांवर दगडांमध्ये ब्रह्मकमळ दिसते. आपल्याकडे कुंडीत लावलेले आणि रात्री फुलणारे ‘ब्रह्मकमळ’ हे अमेरिका खंडातून आलेले निवडुंग आहे, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हिमालयातले ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले असून त्याची फिकट, कागदासारखी पाने आतल्या जांभळ्या फुलांच्या गुच्छाभोवती काचघरासारखी ऊब धरून ठेवतात. सकाळी ढग नसतील तर येथे मोनाल पक्षी चरताना दिसण्याची शक्यता चांगली असते, आणि दगडांच्या ढिगातून डोकावणारा बिनशेपटीचा पिका हा उंदरासारखा दिसला तरी सशाचा नातेवाईक असतो.

नोंदींचे काय करावे

रोज संध्याकाळी घांगरियात गटाने वह्या एकत्र उघडाव्यात आणि ज्या नोंदींवर एकमत होत नाही त्या तशाच, प्रश्नचिन्हासह ठेवाव्यात. घरी आल्यावर छायाचित्रे आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर तारीख आणि उंचीसह टाकता येतात आणि जाणकार लोक ओळख पक्की करून देतात. छायाचित्र फक्त फुलाचे नसावे. पान, देठ आणि संपूर्ण रोप असे तिन्ही भाग घेतलेले असावेत, नाहीतर जाणकारालाही जातीपर्यंत पोहोचता येत नाही. अतीस, निळी पॉपी किंवा ब्रह्मकमळ यांसारख्या वनस्पती औषधासाठी, पूजेसाठी किंवा हौसेखातर उपटल्या जातात, म्हणून त्यांची नोंद करताना नेमके ठिकाण लपवण्याची सोय वापरावी आणि समाजमाध्यमांवर टाकायच्या छायाचित्रांतूनही स्थानाची माहिती आधी काढून टाकावी.